पोटात गेलेलं वजन

मला कोणी फसवलं नाही, हे आधी सांगतो. साखरपुड्याच्या अंगठीसाठी मी जो हिरा घेतला, त्याची मापं प्रयोगशाळेच्या अहवालावर स्वच्छ छापलेली होती. लांबी 5.45, रुंदी 5.30, खोली 4.30 मिलिमीटर. खोलीचं प्रमाण 81.1 टक्के, टेबल 67 टक्के, वजन 1.02 कॅरेट. यांतलं वजन तेवढं मी वाचलं. तारापूर एमआयडीसीत माझं काम गुणवत्ता तपासणीचं आहे. दिवसभर हातात व्हर्नियर असतो, आणि एखादा भाग मापात बसला नाही तर मी अख्खी खेप परत पाठवतो. आयुष्यातली सगळ्यात महाग छोटी वस्तू घेताना मात्र मी मापाची ओळ ओलांडून पुढे गेलो.

आमच्या पाम-टेंभी, कुंभवली, बोईसर भागात साखरपुड्याला सोन्याचं वळं पुरेसं असायचं. आता मुलं हिरा बघू लागली आहेत. त्यांतल्या कोणाला उपयोग होईल म्हणून हे लिहितो आहे.

सुरुवात झाली ती जुन्या हिऱ्यांच्या वेडातून. दक्षिण आफ्रिकेतल्या खाणी 1860 च्या दशकाच्या अखेरीला सापडल्या. त्याआधी जगाला हिरे मिळायचे ते भारतातून आणि अठराव्या शतकापासून ब्राझीलमधून. त्या काळात हाताने पैलू पाडलेल्या, उशीसारख्या गोलसर चौकोनी हिऱ्यांना बाजारात आजही ओल्ड माइन म्हणतात. त्यांचे पैलू थोडे आणि मोठे असतात, वरचं सपाट टेबल लहान, माथा उंच, आणि खालचं टोक मुद्दाम बोथट केलेलं. ते दिव्याच्या उजेडासाठी घडवले गेले. त्यांत बारीक चमचम नसते. हात हलला की एखादाच रुंद झोत उठतो आणि विझतो. कोल्लूरच्या खाणीतला 140.64 कॅरेटचा रीजंट हिरा याच उशीच्या आकाराचा, आज तो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्याची चित्रं मी रात्र रात्र बघितली होती. आपल्या होणाऱ्या बायकोच्या बोटात तसा उजेड असावा, असं मला मनापासून वाटत होतं. ते वाटणं आजही मला चुकीचं वाटत नाही.

चूक झाली ती मुंबईतल्या पेढीवर. ट्रेमधल्या हिऱ्याला विक्रेता ‘अँटिक कुशन’ म्हणाला. पुढे त्याने ‘स्टाइल’ असंही म्हटलं होतं, ते माझ्या मनात उतरलंच नाही. हिरा नवा होता, हल्लीच पैलू पाडलेला. अहवालावर आकाराच्या रकान्यात ‘कुशन मॉडिफाइड ब्रिलियंट’ असं लिहिलं होतं. खरा जुना असता तर तिथे ‘ओल्ड माइन ब्रिलियंट’ असं आलं असतं. खोलीचा विषय निघाला तेव्हा उत्तर आलं, “साहेब, जुने हिरे खोलच असायचे.” हे उत्तर खरं आहे, आणि माझा घोटाळा नेमका तिथे झाला.

खोली दोन प्रकारची असते. हिऱ्याच्या कंबरेच्या वरचा भाग तो माथा आणि खालचा तो पोट असं धरू. जुन्या हिऱ्यात खोलीचा मोठा वाटा उंच माथ्यात असतो, आणि त्या तिरक्या माथ्यातूनच रंगीत झोत बाहेर पडतात. माझ्या हिऱ्याचं टेबल रुंद आणि माथा चपटा होता. सगळी खोली पोटात साचली होती. हिऱ्याचा अपवर्तनांक 2.42 आहे. आत शिरलेला किरण पैलूवर, लंबापासून मोजलं तर, साधारण 24.4 अंशांपेक्षा जास्त तिरका आदळला तरच तो आतल्या आत परत फिरतो. पोट फार उभं असलं की पहिल्या पैलूवरून किरण परततो, पण समोरच्या पैलूवर तो जवळजवळ सरळ जाऊन आदळतो आणि पाठीमागून निघून जातो. बघणाऱ्याच्या डोळ्यापर्यंत तो येतच नाही, आणि हिऱ्याच्या मध्यावर काळा डाग बसतो. मार्सेल टोल्कोव्स्की यांनी 1919 मध्ये गोल हिऱ्यासाठी हे कोन गणिताने मांडले आणि पोटाचा कोन 40.75 अंश धरला. कुशनला असा एकच ठरलेला कोन नाही, पण उजेडाचा नियम तोच आहे.

मग कोणी असं पोट ठेवतं कशासाठी? वजनासाठी. एक कॅरेटची रेषा ओलांडली की प्रत्येक कॅरेटमागचा भावच चढतो. 0.98 आणि 1.02 यांच्यात डोळ्याला काही फरक दिसत नाही, किमतीत दिसतो. कच्च्या खड्यातून रेषेवरचा हिरा काढायचा तर वजन कुठेतरी ठेवावं लागतं, आणि पोटात ते वरून दिसत नाही. एक कॅरेटचा चांगला गोल हिरा साधारण 6.5 मिलिमीटर रुंद असतो. माझा 1.02 चा हिरा वरून पाऊण कॅरेटच्या गोल हिऱ्याहून मोठा दिसत नव्हता. म्हणजे उरलेल्या वजनाचे पैसे मी अंधारासाठी मोजले.

दुसरी चूक अहवाल वाचण्याची. त्यावर दोन ठिकाणी ‘एक्सलंट’ होतं. मी समजलो, घडण उत्तम आहे. तो शेरा होता पॉलिशला आणि सममितीला, म्हणजे पैलू गुळगुळीत आणि एकमेकांना जुळणारे आहेत एवढ्यापुरता. जीआयए या हिरे तपासणाऱ्या प्रयोगशाळेच्या अहवालात घडणीचा दर्जा गोल ब्रिलियंटला मिळतो, कुशनला मिळत नाही. माथ्याचा आणि पोटाचा कोनही कुशनच्या आकृतीत लिहिलेला नसतो. तो हिरा आडवा धरून आपणच बघायचा असतो. कामावर मी कोणत्याही वस्तूचं बाजूचं चित्र मागितल्याशिवाय सही करत नाही. इथे वरून एकदा पाहिलं आणि पैसे दिले.

तेही दुकानातल्या छताच्या दिव्यांखाली. तिथे काचेचा मणीही चमकतो. घरी आणल्यावर पावसाळी दुपारी ओटीवर बसून पाहिला, तेव्हा मध्यावरचा डाग पहिल्यांदा दिसला. आधी मला तो माझ्या डोक्याच्या सावलीचा वाटला. मान बाजूला घेतली तरी तो तिथेच होता.

चिंचणीला माझे मामा दागिन्यांच्या डाय बनवतात. आमच्या किनाऱ्यावरचा तो जुना धंदा; पोलादात नक्षी कोरायची, मग सोनार तिच्यावर पत्रा ठोकणार. मामांनी भिंग लावलं, अंगठी आडवी केली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “बाळा, बसवायच्या आधी का नाही आणलास माझ्याकडे?” मला उत्तर देता आलं नाही. खरं कारण असं की मला कोणाचं मत नकोच होतं.

ही माझी सगळ्यात मोठी चूक, आणि हिऱ्याच्या मापांशी तिचा काही संबंध नाही. आमच्याकडे साखरपुड्याचं सोनं आणि साड्या घ्यायला आई, आत्या आणि मुलीकडच्या बायका एकत्र जातात. मला ती गर्दी जुनाट वाटली. सिनेमातल्यासारखं सरप्राइज द्यायचं होतं. माझी होणारी बायको तारापूरच्याच एका औषध कंपनीत केमिस्ट आहे. तिथे उत्पादन विभागात अंगठी, बांगडी, घड्याळ काहीच चालत नाही, आणि प्रयोगशाळेत हातमोजे. खोल हिऱ्याचं पोट मावायला अंगठीचं घर उंच करावं लागलं होतं, त्यामुळे अंगठी ओढणीत अडकायची, केसांत अडकायची, हातमोजा तर चढायचाच नाही. साखरपुड्यात पेढ्यांच्या ताटाजवळ ती सगळ्यांसमोर हसली. नंतर एकटीने सांगितलं, “तू विचारलं असतंस तर मी बसकी, साधी अंगठी मागितली असती. आणि तुझ्यासोबत बघायला आले असते. मला ते आवडलं असतं.” डाग दिसला तेव्हा पैशांचं वाईट वाटलं होतं. हे ऐकलं तेव्हाचं वाईट वाटणं अजून गेलेलं नाही.

हिऱ्याला पुन्हा पैलू पाडता येतात का, हेही विचारून पाहिलं. बोईसर स्टेशनातून एकीकडे चर्चगेट, दुसरीकडे सुरत. जगातल्या बहुतेक हिऱ्यांना पैलू सुरतेतच पडतात. ओळखीच्या एका कारागिराने हिरा पाहून सांगितलं, पोट नीट केलं तर पाऊण कॅरेटच्या आसपास उरेल. त्या वेळी मला नाशिकचा हिरा आठवला. त्र्यंबकेश्वराच्या देवळातला तो हिरा 1818 मध्ये पेशवाईबरोबर इंग्रजांच्या हाती गेला. लंडनच्या रंडेल अँड ब्रिज या जवाहिऱ्यांनी तो पुन्हा घडवला तेव्हा 80.59 कॅरेट उरला, आणि 1940 मध्ये हॅरी विन्स्टन यांनी पुन्हा कापून 43.38 वर आणला. आपल्याकडच्या जुन्या कारागिरांनी वजन राखलं, पाश्चात्त्यांनी उजेडासाठी ते सोडलं. त्या हिऱ्याची जुनी घडण त्यात कायमची गेली, याची मला हळहळ वाटते. माझ्या हिऱ्यात मात्र जपावं असं जुनं काहीच नव्हतं. तरीही एक कॅरेटची रेषा मीच सोडायची आणि वर मजुरीही भरायची, याला माझी तयारी नव्हती. शेवटी हिरा परत दिला. अंगठीची मजुरी गेली, आणि ठरलेल्या अटीप्रमाणे किमतीतही कपात झाली. ती अट पावतीच्या मागे होती. तीही मी आधी वाचलेली नव्हती.

दुसरा हिरा तिने निवडला. झवेरी बाजारात, मोडीत आलेल्या जुन्या दागिन्यातून सुटलेला. खरा ओल्ड माइन, किंचित पिवळसर. वजन 0.67 कॅरेट, माप 5.05 × 4.90 × 3.30, खोली 67 टक्क्यांच्या आसपास. माथा उंच, टेबल लहान, तळाचं बोथट टोक वरून बारीक खिडकीसारखं दिसतं. वजन पहिल्यापेक्षा एक तृतीयांशाने कमी, पण रुंदीत फरक फक्त 0.4 मिलिमीटरचा. तिने तो दुकानाच्या दाराशी नेऊन सावलीत पाहिला, मग ट्यूबलाइटखाली, मग बोटांच्या बेचक्यात आडवा धरून. घर बसकं करून घेतलं. कंपनीत जाताना ती अंगठी घरी ठेवते आणि सुट्टीच्या दिवशी घालते.

ज्यांच्या घरी यंदा साखरपुडा आहे त्यांना एवढीच विनंती: अंगठी जिच्या बोटात जाणार आहे तिला सोबत न्या, हिरा बसवण्याआधी सुटा मागा, आणि दाराशी नेऊन बघू द्या म्हणून सांगा. चांगला जवाहिऱ्या हरकत घेत नाही. जो घेईल त्याच्याकडून घेऊ नका.