माईचं तेल, मोठ्या काकीची गोळी

आमच्या रोह्याच्या घरात गुडघेदुखीला वय नव्हतं, हंगाम होता. जुलैत चिखलात वाकून भाताची लावणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी, मग चोपण्याने अंगण चोपायचं आणि उकिडवं बसून सारवायचं. चूल, पाटा, विळी सगळं बारा महिने जमिनीवर. घरात उंचावर जागा होती ती फक्त देवांना. त्यामुळे माई, दोन्ही काक्या, आमची आई आणि आत्या, कुणी आधी तर कुणी नंतर, पण सगळ्याच उठताना दाराची चौकट धरू लागल्या. आम्ही पोरं त्यांच्या चालण्याची नक्कल करायचो. आता ती करावी लागत नाही.

माई म्हणजे आमची आजी. तिचं औषध बांधावर उगवायचं. निर्गुडीचा पाला आणायचं काम आमचं, तेही दिवेलागणीच्या आत, कारण त्यानंतर झाडाला हात लावायचा नाही. पाला तव्यावर टाकला की उग्र वास थेट ओटीपर्यंत जायचा. आधी तेल लावायचं, तिळाच्या तेलात लसूण आणि ओवा कडकडवून केलेलं. हातात पैसे असले तर धूतपापेश्वरचं महानारायण तेल यायचं. 1872 साली पनवेलला सुरू झालेला हा कारखाना, म्हणजे आपल्या बाजूचा, म्हणून माईचा त्यावर भरवसा. गुडघ्याच्या वाटीभोवती अंगठे फिरवताना आतली करकर आमच्या बोटांना कळायची. "वंगण संपलं," माई म्हणायची. मग गरम पाला गुडघ्यावर, त्यावर एरंडाचं पान आणि वरून जुन्या लुगड्याची पट्टी. थंडीत डिंकाचे आणि मेथीचे लाडू. मेथीच्या डब्याला कुलूप लागत नसे, कडू असल्यामुळे आम्हीच त्याच्या वाटेला जात नव्हतो. अधूनमधून सुंठीच्या काढ्यातून एरंडेल. त्या दिवशी माई कुणाकडे जायची नाही.

धाटावला एमआयडीसी आली आणि काका शिफ्टला जाऊ लागले. घरात पगार आला, पगाराबरोबर गोळ्याही आल्या. पहिली आली ती गुलाबी ब्रुफेन, नंतर डायक्लोफिनॅक. मोठी काकी शेतावर निघायच्या आधी एक गोळी घ्यायची आणि दुपारपर्यंत बाकीच्यांच्या पुढे असायची. माई रागवायची, म्हणायची की दुखणं आत दाबलं की ते कुठेतरी फुटतंच. काकीचं उत्तर ठरलेलं असे: "पाला बांधून लावणीला उभी राहू का?"

आयुर्वेद की ॲलोपॅथी हा वाद पुरुषांनी ओटीवर बसून घालायचा. बायकांचा हिशेब वेगळा होता. पाल्याला तासभर पाय पसरून बसावं लागतं, गोळीला पाण्याचा एक घोट पुरतो. त्यांना दुखणं जायला हवं होतं असं मला वाटत नाही. काम अडायला नको होतं. गोळी जिंकली ती या एका मुद्द्यावर. आणि माईच्या उपचारात गुण कशाचा होता, निर्गुडीचा, उबेचा की चोळण्याचा, हे आज कोण सांगणार? माझं मत विचाराल तर त्या तासाचा. सुनेला दिवसाढवळ्या पाय पसरून बसायची मुभा पाला बांधलेला असतानाच मिळे, आणि माई तो पाला जरा जास्तच वेळ ठेवायला सांगायची.

मोठ्या काकीने ती गोळी कित्येक वर्षं घेतली, बरेचदा रिकाम्या पोटी आणि कुणाला न सांगता. एकदा शौचाला काळी झाली, ती म्हणाली जांभळं खाल्ली असतील. चक्कर येऊन पडली तेव्हा कळलं, जठरात जखम होऊन आतल्या आत रक्त जात होतं. या गोळ्या शरीरातली प्रोस्टाग्लँडिनं रोखतात. दुखणं आणि सूज त्यांच्यामुळे वाढते हे खरं, पण जठराचं अस्तर जपायचं आणि मूत्रपिंडाला रक्त पोचवायचं कामही तीच करतात. हेच डायक्लोफिनॅक लंगडणाऱ्या बैलांना टोचलं जायचं. मेलेली जनावरं खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि देशभर त्यांचा फडशा पडला. 2006 साली गुरांसाठी ते औषध बंद केलं. म्हसळ्याजवळच्या चिरगावला उरलीसुरली गिधाडं जपायची धडपड आपल्याच जिल्ह्यात झाली. काकीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "गिधाडांसाठी बंद केलं, बरं झालं. आमच्यासाठी कुणी नुसतं विचारलं तरी असतं."

झाडपाला म्हणजे निर्धोक, असंही नाही. धाकट्या काकीने बाजाराच्या दिवशी एका फिरत्या विक्रेत्याकडून जडीबुटीच्या पुड्या घेतल्या. चार दिवसांत ती जिने चढू लागली आणि घरात त्या पुड्यांचा जयजयकार झाला. पुढे चेहरा गोल झाला, साखर वाढली. डॉक्टरांनी पुडी हातात घेतली आणि म्हणाले, यात स्टिरॉइड असणार. पुडीवर नाव नाही, गाव नाही.

या सगळ्यात नीट तुलना केली ती पुण्याच्या डॉक्टरांनी. डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुडघ्याच्या झिजेच्या 440 रुग्णांवर 24 आठवडे चाचणी घेतली. काहींना सुंठ, गुळवेल, आवळा आणि सालई यांचं औषध, काहींना ग्लुकोसामिन, काहींना सेलेकॉक्सिब ही वेदनाशामक गोळी; कुणाला काय दिलंय हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. 2013 साली निष्कर्ष छापून आले. आयुर्वेदिक औषध दोघांच्याही बरोबरीचं ठरलं. पण ते घेणाऱ्या काहींच्या रक्तात यकृताची एसजीपीटी वाढली आणि औषध थांबवल्यावर उतरली. अर्थात ग्लुकोसामिनबद्दल जगभर शंका आहेत, तेव्हा त्याच्या बरोबरीला येणं म्हणजे फार मोठी शाबासकी नव्हे. तरी सुंठीचं नाव त्यात वाचून आम्हा भावंडांना माईचा काढा आठवला. काढा आणि मोजून-मापून केलेलं औषध एक नव्हे, हे आमच्यातल्या फार्मसीवाल्या बहिणीने लगेच ऐकवलं.

आता आम्हीच साठीला आलोय. स्वयंपाक ओट्यावर, संडास कमोडचा, तरीही एक्स-रेत गुडघ्यातला गॅप कमी झालेला दिसतोच. फिजिओथेरपिस्ट मांडीचा स्नायू आवळून पाय सरळ उचलायला सांगतात, वजन उतरवायला सांगतात. दुखलं तर आधी जेल, कारण ते रक्तात कमी उतरतं. गोळी लागलीच तर डॉक्टरांना विचारून, थोडे दिवस, आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन बघून. तेल आम्हीही लावतो. त्याच्या वासाने घरातले नाकं मुरडतात.

आत्याचे दोन्ही गुडघे बदलायला झालेत. 2017 च्या ऑगस्टमध्ये सरकारने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हापासून आम्ही तिच्या मागे आहोत. खर्चाचं जमलंय, भाच्याने रजाही काढून ठेवलीय. ऑपरेशनला ती तयार आहे. पण मांडी घालून बसायचं नाही, चिखलात वाकायचं नाही, हे डॉक्टरांकडून ऐकल्यापासून तिने तारीख लावणीनंतरची मागितली आहे, आणि लावणी झाल्यावर ती कापणीनंतरची मागेल.