दोन घोट पाणी

गेल्या मार्चमध्ये आईला घेऊन मी धाकट्या भावाकडे अमेरिकेत जॅक्सनव्हिल येथे गेलो होतो. आईचे वय ७६. रक्तदाब जुना, गुडघे कुरकुरणारे. समुद्राची ओढ मात्र लहान मुलासारखी. तेथून मोटारीने तासाभराच्या आत जॉर्जिया राज्यातले सेंट मेरीज हे छोटेसे बंदर लागते आणि बंदरातून फेरीबोट पाऊण तासात कंबरलँड बेटावर पोहोचवते. सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येईल, म्हणून ही सहल ठरली. सोबत आम्ही दोघे मुलगेच होतो.

कंबरलँड सुमारे २८ किलोमीटर लांब आहे. किनाऱ्याला समांतर पसरलेले असे वाळूचे बेट म्हणजे मुख्य भूमीपुढे निसर्गाने घातलेला बांधच. वादळी लाटांचा पहिला मारा ते सोसते आणि त्याच्या आडोशाला खाजणे हिरवी राहतात. १९७२ पासून या किनाऱ्याला राष्ट्रीय संरक्षण आहे. बेटावर दुकान नाही, उपाहारगृह नाही. खाणे सोबत न्यायचे आणि कचराही सोबतच परत आणायचा. शेवटची बोट चुकली, तर परतीची सोय ज्याची त्याने स्वखर्चाने करायची.

धक्क्यावरून किनाऱ्याकडे जाणारी वाट ओक वृक्षांच्या गर्द राईतून जाते. वाकड्यातिकड्या फांद्यांवरून ‘स्पॅनिश मॉस’च्या राखाडी जटा लोंबत असतात. पुढे वाळूच्या टेकड्यांवरून लाकडी फळ्यांची वाट आहे, आणि तिच्या शेवटी एकदम उघडा समुद्र! दोन्ही बाजूंना नजर पोहोचेल तिथवर एकही इमारत नव्हती. आई काही वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, “अरे, आमच्या लहानपणी आपला किनारा असाच होता.”

वाटेत मी तिला पुष्कळ माहिती सांगितली होती. माणसाळलेल्या घोड्यांचे वंशज येथे मोकाट हिंडतात, उन्हाळ्यात समुद्री कासवे अंडी घालायला येतात, टेकड्यांवरचे गवत वाळू धरून ठेवते. राईच्या टोकाशी एक स्वच्छतागृह होते. ते मात्र तिला दाखवायचे राहून गेले.

तासभर बसून आई उठली आणि तिचा तोल गेला. आम्ही तिला सावरून चादरीवर आडवे केले. कपाळ घामेजलेले, नाडी जलद आणि क्षीण, जीभ कोरडी. बोलणे स्पष्ट होते, हातापायांत बळ होते, छातीत दुखत नव्हते. तरीही मी घाबरलो. दवाखाना पाण्यापलीकडे होता आणि बोटीला अजून अवकाश होता. तिचे पाय पिशवीवर उंच ठेवून मी विचारले, “आई, सकाळपासून पाणी किती प्यायलीस?”

“दोन घोट. इथे वाळूत कुठे जाणार होते मी? आणि माझ्यापायी तुमची सहल मोडायची का?”

सकाळी तिने रक्तदाबाची गोळी घेतली होती, आणि त्या गोळीने लघवी वाढते. वर उन्हात बसणे. पाणी कमी पडल्याने उभे राहताच रक्तदाब खाली आला होता. पिशवीत क्षारसंजीवनीचे पाकीट होते. ते लिटरभर पाण्यात मिसळून तिला घोटाघोटाने पाजले. अर्ध्या तासाने ती उठून बसली. मग हात धरून तिला आधी स्वच्छतागृहापर्यंत नेले.

वाचकहो, रुग्णांना पाणी पिण्याचा उपदेश मी गेली अनेक वर्षे करतो. पण आपल्या घरातील वृद्ध प्रवासात पाणी का टाळतात, हे स्वतःच्या आईला विचारायचे मला सुचले नव्हते. घारापुरी असो वा जंजिरा, निघताना पहिली चौकशी स्वच्छतागृहाची करावी, आणि त्यांनी विचारण्याची वाट न पाहता ते त्यांना दाखवावे. लघवी वाढवणारे औषध चालू असल्यास प्रवासाच्या दिवशी ते कधी घ्यावे, हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे. मनाने बंद करू नये. थोडे थोडे पाणी वरचेवर द्यावे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्याचे प्रमाण ठरवून दिलेले असेल, तर तेच पाळावे. मधुमेही व्यक्तीसाठी साखर हाताशी असावी. बसलेल्या वृद्धांनी उठताना क्षणभर थांबून आधार घ्यावा. शुद्ध हरपली, छातीत दुखू लागले, धाप लागली, बोलणे अडखळले किंवा तोंड वाकडे झाले, तर मात्र घरगुती उपाय करत न बसता तातडीची मदत मागवावी.

वृद्धांना घरीच ठेवावे, असे मात्र मी मुळीच म्हणणार नाही. परतताना राईच्या कडेला एक तपकिरी घोडी चरताना दिसली. आई माझ्या दंडाला धरून बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिली. मग स्वतःहून हात पुढे करून म्हणाली, “दे ती बाटली.”