वस्तरा

अर्धांगवायूचा झटका येऊन तीन आठवडे झाले आणि अण्णांनी दाढी करून घ्यायला नकार दिला. विजेचं यंत्र गालाजवळ नेलं की ते तोंड फिरवायचे. साध्या रेझरने वाढलेल्या दाढीत नुसते गुंते व्हायचे. पस्तीस वर्षं रोज सकाळी गुळगुळीत दाढी करून कचेरीत गेलेला माणूस आता आरशाकडे बघेनासा झाला होता.

मग मी माळ्यावरून आजोबांची धोकटी काढली. साताऱ्याकडचं घर बंद केलं तेव्हा ती सामानाबरोबर हैदराबादला आली होती. आत पितळी वाटी, कात्री, चामड्याचा पट्टा आणि वस्तरा. पात्यावर 'सोलिंगेन' एवढीच जर्मन अक्षरं वाचता येत होती.

आजोबा गावचे न्हावी. घरोघर जाऊन हजामत करायचे आणि सुगीला बलुतं आणायचे. अण्णा मॅट्रिक झाले, कारकून झाले आणि आमच्या घरातून वस्तऱ्याचं नावही निघून गेलं. शाळेत माझं गणित चुकलं की गुरुजी म्हणायचे, "शिकला नाहीस तर हजामती करत बसशील." सगळा वर्ग माझ्याकडे बघून हसायचा. एकदा घरी येऊन सांगितलं. अण्णा एवढंच म्हणाले, "म्हणूनच शीक."

मी शिकलो. फक्त हे एक सोडून सगळं.

जुन्या शहरातल्या एका म्हाताऱ्या उस्तादांनी वस्तऱ्याचा गंज काढला, दगडावर धार लावून दिली. त्यांच्या दुकानातही आता अर्धं ब्लेड अडकवायचा वस्तरा असतो. गिऱ्हाईकागणिक ब्लेड बदलायचं. अखंड पात्याचा वस्तरा हातात घेऊन ते बराच वेळ बघत राहिले. मग मला म्हणाले, "जोर नक्को लगाओ. उस्तरा अपना काम जानता." दखनीतला तो 'नक्को' आमच्याच 'नको'चा भाऊ. तिथेच मला जरा धीर आला.

पहिला धडा पट्ट्याचा. पात्याची पाठ पुढे, धार मागे. टोकाला पोचल्यावर पातं पाठीवरच उलटायचं. धारेवर उलटलं तर चामडं कापतं आणि धारही जाते. चार दिवसांत मी पट्ट्याला दोन चिरा पाडल्या. मग स्वतःचा गाल. गरम पाण्याने दाढी भिजवायची, साबणाचा फेस चढवायचा, कातडी ताणायची, पातं साधारण तीस अंशांत टेकवायचं आणि केसांच्या दिशेने खाली आणायचं. पातं सरळ जायला हवं. आडवं सरकलं की रक्त आलंच. पहिला आठवडा मी फक्त गाल केले. हनुवटीच्या गोलाईवर पोचायला महिना गेला. रोज तुरटी झोंबायची. बँकेत सहकारी विचारायचे, मांजर पाळलंय का?

त्या दिवसांत मी वाचत होतो. 1890 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांचं केशवपन करायचं नाही असं ठरवलं, हे वाचून छाती भरून आली. पण मग गाव आठवलं. दलित वस्तीतल्या माणसांची हजामत आजोबा करत नसत. गावाची रीत म्हणून. अण्णा आम्हाला ज्यापासून दूर नेत होते, त्यात आपला अपमान होता आणि आपण केलेलाही. वस्तरा एकच होता. तो गालावर टेकवताना दोन्ही आठवायचं.

दोन महिन्यांनी, एका रविवारी, अण्णांच्या पलंगाशेजारी गरम पाणी, साबण, टॉवेल मांडला. वस्तरा उघडला. त्यांनी पात्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तोंड फिरवलं नाही.

लुळ्या बाजूची कातडी सैल असते, ती माझ्या बोटांत थांबेना. पातं अडखळलं. तेव्हा अण्णांनी डावा हात उचलला, दोन बोटं कानाजवळ ठेवली आणि स्वतःचा गाल वर ओढून धरला. नेमका जिथे ओढायला हवा तिथेच. जबड्याखाली आलो तेव्हा न सांगता मान वळली, ओठाशी आलो तेव्हा ओठ आत गेला. एवढी समज गिऱ्हाईकाला नसते.

"तुम्ही हे काम केलंय?" मी विचारलं.

त्यांचं बोलणं अजून जड होतं. "दहावीपर्यंत. सकाळी. शाळेच्या आधी."

मला हे कधीच माहीत नव्हतं. हनुवटीवर एक बारीक चीर आली, तुरटी लावली. त्यांनी डाव्या हाताचा तळवा दोन्ही गालांवरून फिरवला आणि थोडा वेळ डोळे मिटून पडून राहिले. मला वाटलं, झोपले.

"पट्टा सैल धरतोस," ते म्हणाले.

"कशावरून?"

"ओढत होता. धार गोल झालीय."

दुसऱ्या दिवशी पट्ट्याचं एक टोक त्यांच्या खिडकीच्या गजाला बांधलं आणि दुसरं ताणून धरलं. ते पलंगावरून बघत होते. "अजून," म्हणाले. मी आणखी ताणलं. मग पातं फिरायला लागलं, आणि पांघरुणावर त्यांचा डावा हात त्याच लयीत पुढे-मागे सरकू लागला.