दाबाची चौकशी

झाशीस बदली झालेल्या मराठी माणसाला घरच्या मंडळींकडून पहिला प्रश्न ठरलेला येतो: किल्ला पाहिला का? आम्हीही तो यथासांग पाहिला. ओर्छ्याच्या वीरसिंह देवाने १६१३ साली बांधलेला आणि मराठ्यांच्या अमलात नारो शंकराने वाढविलेला तो किल्ला, आतली कडकबिजली तोफ, गावातील राणीमहाल, १८४२ साली जेथे लक्ष्मीबाईंचे लग्न लागले ते गणेशमंदिर, यांतले काही सोडले नाही. निघण्यापूर्वी गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ही पुन्हा वाचून घेतला होता. एवढे करूनही आज झाशीचे नाव निघाले की आमच्या डोळ्यांपुढे येतो तो आटलेल्या तळ्याच्या गाळात थबकलेला एक लोडर, आणि त्याच्या पोटाखाली उताणा पडलेला एक वृद्ध मिस्त्री. हे सांगितले म्हणजे मंडळी हिरमुसतात. पण त्याला आमचा इलाज नाही.

बुंदेलखंड हा तळ्यांचा मुलूख. चंदेल आणि बुंदेले राजांनी खडकाळ उतारांवर बांध घालून पावसाचे पाणी अडविले, आणि पुढल्या पिढ्यांनी त्यांत गाळ साचू दिला. तो गाळ पावसाळ्यापूर्वी काढण्याचे काम आमच्या खात्याकडे होते. इकडे तांबड्या मातीला राकड आणि पडुवा म्हणतात, काळीला मार आणि काबर. मार ओली असली म्हणजे चाकाचे यंत्र तिच्यात असे रुतते की त्याला काढावयास दुसरे यंत्र लागावे. म्हणून खात्याने रबरी पट्ट्यांवर चालणारा छोटा लोडर घेतला होता. या यंत्राचा पूर्वज अगदी सामान्य घराण्यातला. १९५७ साली अमेरिकेतील मिनेसोटात केलर नावाच्या दोघा लोहारकाम करणाऱ्या भावांनी टर्की पक्ष्यांचा गोठा साफ करण्यासाठी जागच्या जागी वळणारी एक तीनचाकी गाडी केली. पुढे तिला चौथे चाक आले आणि १९८६ साली जपानमध्ये चाकांच्या जागी रबरी पट्टे आले. वजन पट्ट्यांवर पसरते, म्हणून यंत्र चिखलावर तरंगल्यासारखे चालते.

आमचे यंत्र मात्र चालेनासे झाले होते. मे महिना होता. पारा ४५ अंशांपुढे गेलेला. सकाळी आठ वाजता यंत्र ठणठणीत असे. अकराच्या सुमारास त्याचे हात जड होत, पट्टे मंदावत, आणि एक वाजेतो ते जळक्या तेलाचा वास सोडीत उभे राही. आठ दिवसांनी त्याची फाईल आमच्या मेजावर आली. टिपण नेटके होते. चालकाने ब्रेक लावलेल्या अवस्थेत यंत्र चालविल्यामुळे ब्रेकच्या चकत्या झिजल्या व पंपावर अवाजवी ताण येऊन तो निकामी झाला. सबब नवा पंप मागवावा, आणि त्याच्या किमतीचा योग्य तो अंश चालकाकडून वसूल करावा. पंपाची किंमत काही लाखांच्या घरात. चालक मऊरानीपूरकडचा पंचविशीतला मुलगा, रोजंदारीवरचा. ‘योग्य तो अंश’ या तीन शब्दांत त्याची दोन वर्षे बुडाली असती. त्याला कामावरून दूर केलेलेच होते.

आम्ही पदवीने यांत्रिक अभियंता. परंतु वीस वर्षे यंत्रांशी आमचा संबंध केवळ सहीपुरता उरला होता. पेनाचे टोपण काढलेही होते. इतक्यात सोबत जोडलेल्या लॉगबुकाच्या पानावर नजर गेली. वेड्यावाकड्या अक्षरांत, रोजच्या रोज, एकच ओळ होती: ‘सुबह ठीक, दोपहर में कमज़ोर.’ जो माणूस ब्रेक सोडावयास विसरतो, तो फक्त दुपारी कसा विसरेल? आम्ही टोपण पुन्हा लावले.

रेल्वेच्या झाशी येथील कारखान्यातून निवृत्त झालेले एक मिस्त्री सीपरी बाजाराच्या मागे राहत. त्यांना आम्ही गाडीत घेऊन तळ्यावर गेलो. वाटेत आम्ही आमची विद्या पाजळली, “मिस्त्रीजी, पंप दाब देत नाही असे दिसते.” ते हसले आणि म्हणाले, “साहब, पंप दाब कब देता है? पंप तो सिर्फ़ तेल देता है.”

हे आम्ही महाविद्यालयात शिकलो होतो आणि साफ विसरलो होतो. पंप तेल ढकलतो, एवढेच. त्या तेलाची वाट अडली, पुढे ओझे आले, म्हणजे दाब उत्पन्न होतो. बंदिस्त द्रवात दाब सर्वत्र सारखा पसरतो, हे सतराव्या शतकात पास्कालने सांगितले. १७९५ साली ब्रामा या इंग्रज कारागिराने त्याच तत्त्वावरील दाबयंत्राचे पेटंट घेतले. लहान दट्ट्याहून दहापट व्यासाचा मोठा दट्ट्या घेतला की जोर शंभरपट मिळतो. आमच्या लोडरच्या हातांत सुमारे २०० बारपर्यंत दाब चढत असे, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर जवळजवळ २०० किलो वजन. तेव्हा दाब पडला, तर प्रश्न दोनच: तेल पुरेसे येत नाही, किंवा आलेले तेल ओझ्यापर्यंत न पोचता मध्येच पळवाट काढते. आमचा रक्तदाब तपासणारे डॉक्टरही बिचारे हेच शोधीत असावेत.

मिस्त्रीजींनी पान्याला हात लावण्यापूर्वी अर्धा तास चौकशीत घालविला. हात जड होतात ते दोन्ही पट्ट्यांच्या आधी की मागून? सगळे एकदमच. उजवा पट्टा डाव्याहून मंद आहे काय? नाही. मग ते म्हणाले की एकच पट्टा मेला असता तर त्याचा पंप नाही तर त्याची मोटर धरली असती. बाजू अदलून खात्री केली असती. तिघे एकाच वेळी आजारी पडतात तेव्हा तिघांच्या पाण्याची विहीर पाहावी. त्यांनी तेल पाहिले. उन्हाळ्यासाठी सांगितलेले ६८ क्रमांकाचेच होते. हा क्रमांक ४० अंशांवरचा दाटपणा सांगतो. तापले की प्रत्येक तेल पातळ होते, म्हणून चुकीचे तेल दुपारी दगा देऊ शकते. येथे ती तक्रार नव्हती. गाळणी काढली, ती स्वच्छ होती. दाबमापक जोडला. हे यंत्र चालण्यासाठी आणखी एक लहान पंप असतो. तो मोठ्या पंपांना सतत तेल पाजतो, आणि त्याच्याच दाबाने ब्रेक सुटतात. सकाळी तो दाब २५ बार होता. आम्ही यंत्र चालवून तापविले. साडेअकराला काटा थरथरत १२ वर आला, आणि कोठेतरी दळणाऱ्या जात्यात खडे पडावेत तसा आवाज येऊ लागला.

याच वेळी आमच्या हातून एक मूर्खपणा घडला. हातांकडे जाणाऱ्या एका नळीच्या जोडापाशी तेलाचे धुके दिसल्यासारखे वाटले, म्हणून गळते का ते पाहण्यासाठी आम्ही बोट पुढे केले. मिस्त्रीजींनी आमचे मनगट असे हिसडले की घड्याळाचा पट्टा तुटला. सुईच्या छिद्रातून २०० बारने सुटलेले तेल कातडी भेदून आत शिरते. वर टाचणीएवढी खूण दिसते आणि आत बोट सडते. गळती पाहावयाची ती पुठ्ठ्याच्या तुकड्याने, हाताने कधीही नाही. त्या एका क्षणी ते आम्हांला ‘साहब’ म्हणावयास विसरले. काय म्हणाले ते येथे लिहिण्याजोगे नाही, पण ते आम्हांला लागू होते. धुके पाहिले तर ती नुसती धूळ निघाली.

मग ते टाकीकडे वळले. टाकीच्या काचेत तेलाला फेस आला होता. “हवा,” ते म्हणाले. दाबाच्या बाजूची गळती तेल बाहेर टाकते, म्हणून ती कोणासही दिसते. टाकीपासून पंपापर्यंतच्या शोषणाच्या बाजूला मात्र गळती हवा आत ओढते. बाहेर थेंबसुद्धा पडत नाही. त्यांनी बोटभर ग्रीस घेतले आणि त्या नळीच्या जोडावर चोपडले. खड्यांचा आवाज थांबला. काटा हळूहळू १८ वर चढला आणि ब्रेक सुटल्याचे पट्ट्यांनी सांगितले. थोड्या वेळाने ग्रीस आत ओढले गेले, आणि आवाज परत आला.

यंत्र थंड झाल्यावर नळी काढली. बाहेरून नवीकोरी, आतून तेलाने फुगून मऊ झालेली. पाण्यासाठी वापरतात तसली ती साधी नळी होती. सकाळी ती चिमट्यात घट्ट बसे; दुपारी तापून सैल पडे आणि हवा घेई. फेसाळ तेलाने दाब पडे. ब्रेक स्प्रिंगने लागतात आणि दाबाने सुटतात, म्हणून १५ बारच्या खाली ते आपोआप घासू लागत. चकत्या झिजल्या होत्या हे टिपण खरेच होते. ब्रेक लावून यंत्र चालले हेही खरे होते. फक्त ब्रेक लावणारा चालक नव्हता. “पंप बेकसूर है, साहब,” मिस्त्रीजी म्हणाले, आणि थोडे थांबून, “लड़का भी.”

ती नळी मागल्या हिवाळ्यात बदललेली होती. कार्यालयात परतल्यावर आम्ही ती फाईल मागविली. तीन दरपत्रके होती. सर्वात कमी दराच्या पत्रकात तेलाचा किंवा तापमानाचा उल्लेखच नव्हता, आणि त्यावर ‘मंजूर’ असा शेरा होता. शेऱ्याखालची सही आमची होती.

येथे कबूल करावयास हवे की संध्याकाळपर्यंत आम्ही दुसरेही एक टिपण मनात जुळविले होते: दोष नळीचा, नळी पुरवठादाराची, चालक निर्दोष. त्यात असत्य काहीच नव्हते, आणि आमचे नावही नव्हते. परंतु पुरवठादाराने जे मागितले तेच दिले होते. रात्री सौभाग्यवतींना सारी हकीकत सांगितली. त्यांनी एवढेच विचारले, “त्या मुलाने रोज खरे लिहिले ना?” सकाळी आम्ही टिपण लिहिले, त्यात जुन्या फाईलचा क्रमांक घातला, आणि मंजुरी कोणी दिली तेही लिहिले. वरून त्यावर आम्हांस खुलासा विचारण्यात आला. तो आम्ही दिला. पुढील काही महिने आमचा रक्तदाब चढाच राहिला, एवढे म्हणता येईल.

वसुली रद्द झाली. बुडालेल्या रोजंदारीला नियमात जागा सापडेना. ती मिळावयास दिवाळी उजाडली. चालक कामावर आला त्या दिवशी त्याने आमच्याकडे एकच मागणे केले: त्या टिपणाची एक नक्कल. आम्ही दिली. त्याने ती घडी घालून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली आणि खिशात घातली.

योग्य त्या नळीची किंमत पंपाच्या मानाने नगण्य होती. ती बसल्यावर तळ्याचे काम पाऊस येण्याआधी जेमतेम पुरे झाले. महिनाअखेर लॉगबुक आमच्याकडे सहीस आले. त्याच वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिले होते: ‘सुबह ठीक, दोपहर में भी ठीक.’ त्याखाली आम्ही सही केली.