पहिल्या रात्रीचं सामान

यंदाच्या आश्विनात माझ्या हातून दोन बांधाबांधी झाल्या. एक सुनेची, अथणीच्या बाजूला, कर्नाटकात ऊसतोडीला जाण्याची. दुसरी भाचीची, नर्स म्हणून जर्मनीला जाण्याची. मी कुठेच गेले नाही. गुडघे फडात वाकू देत नाहीत आणि ट्रकच्या फाळक्यावरून वर चढायचं तर दोघांनी ओढावं लागतं. आजवर मी बांधलं ते दुसऱ्या टोकाला मीच सोडलं. यंदा माझी गाठ दुसऱ्याच्या हाताने सुटणार होती, म्हणून जे इतकी वर्षं न बोलता केलं ते बोलून सांगावं लागलं.

टोळीबरोबर हंगाम काढलेल्यांना काय घ्यायचं ते सांगायला नको. कोयता, कानस, तवा, परात, पिठाचा डबा ही यादी आमच्या धारूर तालुक्यातली शाळकरी पोरही घडाघडा म्हणून दाखवील. यादीत माझी हुशारी नाही. माझा जीव गुंतला तो क्रमात. काय खाली, काय मधे, काय वर. ट्रक रात्री-अपरात्री कुठल्यातरी माळावर उतरवून निघून जातो. पाणी कुठल्या अंगाला आहे ते ठाऊक नसतं, पोरं झोपेत रडत असतात, कोपीचे बांबू आणि चटया सकाळी मिळायच्या असतात. अशा वेळी अंधारात हात घातला की काडेपेटी, बॅटरी, पाण्याची कॅन, धपाट्यांचं फडकं, मेणकापड आणि पांघरूण एवढं हाताला लागलंच पाहिजे. बाकीचा संसार दुसऱ्या दिवशी सापडला तरी चालतो. लोक सहा महिन्यांसाठी भरतात. मी पहिल्या रात्रीसाठी भरते, आणि सहा महिने त्याच्या खाली आपोआप बसतात.

पण पांघरूण! माझं सगळं कसब येऊन अडतं ते इथे.

हंगाम एकच, पण ऋतू तिन्ही बांधून न्यावे लागतात. निघताना परतीचा पाऊस अंगावर असतो. पौषात पहाटे फडात शिरलं की दंवाने भिजलेला पाला हातापायांना कापतो. कारखान्याचा पट्टा पडून हंगाम संपायच्या सुमाराला चैत्राचं ऊन कोपीत बसू देत नाही. उन्हाचं सामान थोडं आणि हलकं. पावसाचं मेणकापड घडी घातलं की संपलं. थंडीचं सामान मात्र जागा खातं. दोन मोठी माणसं आणि दोन पोरं यांच्या गोधड्यांची वळकटी केली की आपल्या वाट्याच्या जागेतली अर्धी तिथेच गेली. ती खाली ठेवावी तर ज्वारीच्या पोत्याखाली दबते आणि ट्रकच्या तळातली ओल ओढून घेते. वर ठेवावी तर पाऊस तिच्यावरच पडतो. मधे ठेवावी तर रात्री निघत नाही, आणि ओढून काढली तर वरचं सगळं कोसळतं.

मी काय नाही केलं? खताच्या गोणीत घातली, गोणीला आतून प्लॅस्टिक असतं म्हणून. ते प्लॅस्टिक शिवणीपाशी फाटतं आणि नेमकं तिथूनच पाणी आत जातं. पत्र्याच्या पेटीत घातली, तर पेटीत दुसरं काही मावेना. वळकटी पोरांच्या बुडाखाली बसायला दिली, तर पोरांनी ती वेगळ्या तऱ्हेने भिजवली. शेवटी फाळक्याच्या विरुद्ध बाजूला, केबिनच्या पाठीशी, उभी लावून कासऱ्याने आवळायला लागले. तिथे पाऊस कमी लागतो. आमचं गाव घाटाखाली. धारूरचा घाट चढताना ट्रकमधलं सगळं मागे फाळक्याकडे सरकतं, पण केबिनला टेकवून आवळलेली वळकटी जागची हलत नाही. टोळीतल्या बाया घाट संपला की माझ्या बाजूला बघायच्या. ते बघणं मला आवडायचं. माझी गाठ वाटेत कधी सुटली नाही, हे चार बायांत सांगायची संधी मी कधी सोडली नाही, आणि उतरल्यावर पहिला जाळ माझ्या तीन दगडांत दिसावा म्हणून मी इतर बायांशी मनातल्या मनात शर्यत लावायची. जागा मात्र केबिनपाशीच मिळेल याचा भरवसा नसतो. ती मुकादम ठरवतो.

आता बऱ्याच जणी प्लॅस्टिकचा निळा ड्रम घेतात. सगळं त्यात कोंबायचं आणि झाकण लावायचं. ड्रममध्ये क्रम राहत नाही. काडेपेटी तळाशी गेली की अख्खा ड्रम अंधारात उपडा करायचा. कोरडा राहतो म्हणतात, पण आत गेलेली ओलही बाहेर येत नाही, चार दिवसांत कपड्यांना कुबट वास मारतो. ड्रम पाण्यासाठी चांगला, संसारासाठी नाही. बाजारातल्या मऊ ब्लँकेटांबद्दलही माझं मत बरं नाही. सुती लुगड्यांची गोधडी घाम पिते आणि ठिणगी पडली तर हाताने चोळून विझवता येते. ह्या ब्लँकेटावर ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतं. चूल, पाचट आणि कोपी हातभर अंतरावर असतात, तिथे हे पांघरूण धोक्याचं. पण नवी गोधडी शिवायची कशाची? घरात आता सिंथेटिक साड्याच जुन्या होतात. त्यांच्यावर टाका बसत नाही, थर एकमेकांवरून घसरतात.

सुनेला क्रम सांगताना एक गोष्ट मी सगळ्यांत आधी तिच्या हातात दिली, जी कुठल्याच यादीत नसते. धुतलेल्या सुती कापडाच्या घड्या, वेगळ्या पिशवीत, अगदी वर. पाळी ट्रकमध्येही येते. फडावर आडोसा नसतो, धुवायला पाणी नसतं, वाळत घालायला जागा नसते, आणि खाडा झाला तर पैसे कापले जातात. २०१९ मध्ये गर्भपिशव्या काढण्याच्या प्रकरणांवर सरकारने समिती नेमली, तेव्हा बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्यामागची कारणं अनेक आहेत आणि ती कापडाच्या पिशवीने मिटणार नाहीत. तरी बाईचं सामान तळाला दडवून ठेवायची रीत मोडली पाहिजे, असं मला वाटतं. रेशनकार्ड, आधार आणि पोरांचं लसीचं कार्ड त्याच पिशवीत. ज्वारी मात्र गरजेपेक्षा महिनाभर जास्त. २०२० च्या टाळेबंदीत हंगाम संपवून बांधलेली बोचकी कारखान्यांवर पुन्हा सोडावी लागली होती, परतीची परवानगी एप्रिलच्या मध्याला आली. परतीची तारीख आपल्या हातात नसते, हे तेव्हापासून मी सामानात धरते.

भाचीचं सामान याच पंधरवड्यात. २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून जर्मनीचं नाव आमच्याकडेही कानावर येऊ लागलं. भाची तर आधीपासूनच जर्मन भाषेच्या मागे लागली होती. तिने मला बॅग दाखवली आणि म्हणाली, "मावशी, जागा नको बघू, वजन बघ." मोठी बॅग २३ किलो, हातातली ८. मला हे नवीन होतं. ट्रकला वजनाचं काही नसतं, तिथे जागेची मारामार. मी गोधडी ताणकाट्याला लावली. तीन किलोच्या वर गेली. तिने हवा काढून चपटी करायची पिशवी आणली होती. गोधडी वीतभर झाली, पण काट्यावर वजन तेवढंच. शिवाय ती पिशवी एकदा उघडली की तिकडे पंपाशिवाय पुन्हा चपटी होणार नाही. जाड कोट आणि बूट अंगावरच घालून जा, असं मी सांगितलं. अंगावरचं कुणी तोलत नाही.

तिला मोबाइलवर सगळ्यांनी याद्या सांगितल्या होत्या. मी तिला एकच विचारलं, पहिल्या रात्री तुझ्याजवळ काय असेल? ती शनिवारी संध्याकाळी पोचणार होती. तिकडे रविवारी दुकानं बंद असतात. भाड्याच्या खोलीत पलंग होता, अंथरूण-पांघरूण नव्हतं. आणि मोठी बॅग कधीकधी एक-दोन दिवस मागे राहते. मग आम्ही हातातली बॅग नव्याने भरली. कागदपत्रांच्या मूळ प्रती, औषधं चिठ्ठीसकट, पॉवर बँक (ती मोठ्या बॅगेत चालतही नाही), दोन बोटांचा चार्जर, कारण आपली तीन बोटांची पिन तिकडच्या भिंतीत जात नाही, एक जोड कपडे, दोन दिवसांचे धपाटे, शेंगदाण्याची चटणी. धपाटे दह्यात नाही, पाण्यात भिजवले. दूध-तूप-खव्याचं काही युरोपात नेता येत नाही. सुकं खोबरंही काढलं, ते तेलाने पेट घेऊ शकतं म्हणून विमानात चालत नाही. येसर मसाला बॅगेत गेला. सीताफळ राहिलं. बालाघाटातल्या आमच्या सीताफळांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ती पिकतात आम्ही निघतो तेव्हाच, आणि ट्रकमध्ये चेंदा होतात. कागदाशिवाय ताजं सीताफळ जर्मनीतही उतरवू देत नाहीत.

गोधडीचं काय करायचं म्हणून मी दोन रात्री बसून दोन जुन्या सुती साड्यांची दुपदरी शिवली. किलोभराची. तिकडची घरं आतून तापवतात, तेव्हा पांघरूण विकत घेईपर्यंत तेवढी पुरते. ती हातातल्या बॅगेत तळाला अंथरली, वर बाकीचं. पोचल्यावर तिचा फोन आला तेव्हा मी आधी बॅगेचं विचारलं आणि मग तब्येतीचं. क्रम लागला होता हे ऐकून मला जो आनंद झाला तो तिच्या नोकरीच्या आनंदाहून फार कमी नव्हता.

त्यावरूनच मला सुचलं. ट्रकमध्ये सगळ्यांची मिळून एक वळकटी कशाला? दर माणशी एक दुपदरी गोधडी, तिला मेणकापडाची पिशवी, आणि पिशवी ज्याच्या त्याच्या मांडीवर. जाड गोधड्या खुशाल मधे राहू द्याव्यात, दुसऱ्या दिवशी निघतील. सुनेने निघण्याआधी तशा चार पिशव्या शिवल्या. वाटेत सांगोल्याच्या पुढे ट्रकला पावसाने गाठलं. तीन दुपदऱ्या कोरड्या उतरल्या, धाकट्या नातवाची भिजली, कारण तो मांडीवरची पिशवी सोडून झोपला. "आत्या, पोराच्या अंगालाच बांधायला हवी होती," सून फोनवर म्हणाली. बांधली तर पोर झोपत नाही, हे मला ठाऊक आहे. पट्टा ठेवावा तर तो गळ्याला येतो. पोराच्या पाठीला बसेल आणि झोपेतही टोचणार नाही अशी पिशवी मी आता कापून बघते आहे. पुढच्या दसऱ्याच्या आत ती जमली पाहिजे, आणि जमली तर टोळीतल्या बायांनी ती माझ्या नावाने ओळखावी, एवढी हाव मला अजून आहे.