खळ्याच्या मापाचा आवाज

आरोंदा, ता. सावंतवाडी

चि. भाच्यास,


तुळशीचं लग्न लागलं की हळदीच्या सुपाऱ्या सुरू होतील. त्याआधी डीजेचं सामान घ्यायचं तू ठरवलंस, याचा मला आनंद आहे. तुझी यादी वाचली. मोठे टॉप-बेस तिच्यात सगळ्यांत वर आहेत. माझ्या मते यादीची सुरुवात खळ्यापासून, म्हणजे घरापुढच्या अंगणापासून व्हावी.

आपल्याकडे टेम्पो रस्त्यावर थांबतो. पुढे पाणंद, मग जांभ्याच्या पायऱ्या. दोघांना दोन फेऱ्यांत आत नेता येईल तेवढंच सामान घे. मांडवातली लाइट घराच्याच मीटरवरून ओढलेली असते आणि दिव्यांच्या माळाही तिच्यावरच. ती कधीही जाईल, असं धरूनच निवड कर.

पायोनियरचा डीडीजे-एफएलएक्स४ (२०२२) हा कंट्रोलर जेमतेम दोन किलोचा. लॅपटॉपच्या यूएसबीवर चालतो, म्हणून लाइट गेली तरी तग धरतो. हात बसवायला उत्तम. पण स्पीकरकडे जाणारी त्याची जोडणी फक्त आरसीएची. ही तार खळ्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत ओढलीस की घरघर शिरते. एक्सएलआरच्या तारेत तोच सिग्नल सुलटा आणि उलटा असा दोन वायरींतून जातो. वाटेत शिरलेली घरघर मात्र दोन्हींत सारखीच असते, म्हणून पलीकडच्या टोकाला ती वजा होते. डेनॉनच्या प्राइम गोला एक्सएलआर आहे, पोटात सुमारे ४ तासांची बॅटरी आहे आणि गाणी पेन ड्राइव्हवरून वाजतात. लॅपटॉप लागत नाही. अल्फाथीटाचा ऑम्निस-ड्युओ (२०२४) सुमारे ५ तास चालतो. दोन्ही महाग आहेत, पण हळद त्यांत निभते.

स्पीकर बॅटरीचे घे. बोसचा एस१ प्रो सुमारे ७ किलोचा, कंपनी ११ तास सांगते. पण आवाज चढवलास की हे तास झपाट्याने घटतात. वॅटच्या आकड्यांना भुलू नकोस. वॅट दुप्पट केलेस तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी होतात. म्हणून एका कोपऱ्यात स्पीकरची मोठी भिंत उभारण्यापेक्षा नाचणाऱ्यांच्या दोन्ही अंगांना छोटे स्पीकर लाव. तेवढ्यात खळं भरतं, आणि पडवीत बसलेल्या म्हाताऱ्यांना आपसात बोलताही येतं. हळदीची गाणी म्हणणाऱ्या बायकांसाठी चांगला माइक घ्यायला विसरू नकोस. त्यांचा आवाज तुझ्या गाण्यांइतकाच स्वच्छ यायला हवा.

तेरेखोल नदीचं पाणी जवळ आहे, हेही ध्यानात ठेव. रात्री पाण्यालगतची हवा गार होते, त्यामुळे वर जाणारा आवाज खाली वाकतो आणि पलीकडे किरणपाणीपर्यंत पोचतो. २००० सालच्या ध्वनी नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर बंद. वस्तीत दिवसा मर्यादा ५५ डेसिबल, रात्री ४५. सुपारी घेतानाच यजमानांना वेळ सांग. नाच तासभर आधी सुरू करता येतो.

पावसाळ्यात खाऱ्या दमट हवेने जॅक हिरवे पडतात. पेट्या हवाबंद ठेव, आत सिलिका जेल टाक. जास्तीच्या तारा आणि गाण्यांचा दुसरा पेन ड्राइव्ह कायम सोबत असू दे.

लाइट गेल्यावरही ज्याचं गाणं थांबत नाही आणि १० वाजता जो स्वतःहून थांबतो, त्याला पुढच्या घरातून बोलावणं येतं. पैसे भरण्याआधी दोन-तीन खळ्यांची लांबी-रुंदी मोजून मला कळव. मग स्पीकर किती ते ठरवू.

तुझा,
मामा