शाळा बांधण्यापूर्वी

शाळा भिंतींनी बनत नाही, ती गुरुशिष्यांनी बनते, असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. वचन खोटे नाही. परंतु ह्याच वचनाच्या आडोशाने भिंतींची हेळसांड करण्याचीही आपल्याकडे रीत आहे. रवींद्रनाथांनी १९०१ साली शांतिनिकेतनात जी शाळा काढली, तिचे वर्ग झाडांच्या सावलीत भरत, हे सर्वांस ठाऊक आहे. पण बोलपूरचा पाऊस निराळा आणि आमच्या गोमंतकाचा निराळा. येथे वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ १० फूट पाणी आभाळातून उतरते, आणि त्यातले बहुतेक शाळेच्या ऐन दिवसांत उतरते. तेव्हा छपराचा विचार आम्हांस करावाच लागतो.

यंदा आमच्या शाळेच्या नव्या इमारतीचा विचार चालू आहे, म्हणून हे चार शब्द. नकाशा अद्याप कागदावर आहे. कागदावरची रेघ रबराने पुसता येते, भिंतीची येत नाही.

आम्ही कौलांखाली शिकविले आहे, पत्र्याखाली शिकविले आहे आणि स्लॅबखालीही शिकविले आहे. पत्र्यावर आषाढाची सर कोसळू लागली की शिक्षकाने मुकाट्याने फळ्याकडे वळावे आणि मुलांनी उतरून घ्यावे, एवढेच शिक्षण उरते. उघड्या स्लॅबखाली एप्रिलच्या दुपारी शेवटच्या तासाला जी मरगळ येते, तिला आम्ही ‘मुलांचे लक्ष नाही’ असे नाव देतो. दोष मुलांचा थोडा आणि छपराचा फार.

आमच्या जुन्या घरांना हे कळत होते. जांभ्या दगडाच्या जाड भिंती, मंगळुरी कौले, पुढे झुकलेली वळचण, दाराशी बसायला सोपे, मध्ये राजांगण. नैर्ऋत्येचा पाऊस कोठून मारतो आणि वारा कोठून यावयास हवा, याचा हिशेब त्या गवंड्यांच्या बोटांवर असे. मूळचे गोमंतकीय वास्तुशिल्पकार चार्ल्स कोरिया (१९३०–२०१५) यांनी पणजीची कला अकादमी बांधली, तीत शिरताच पलीकडे मांडवी दिसते. वारा आणि माणूस दोघांनाही मोकळी वाट आहे. मग शाळाच तेवढी कोंडलेली का असावी? वर्गास समोरासमोरच्या भिंतींत खिडक्या हव्यात, म्हणजे वारा आत येऊन बाहेर पडेल. उजेड डाव्या बाजूने यावा, म्हणजे बहुतेकांच्या लिहित्या हाताची सावली वहीवर पडणार नाही. डावखुऱ्यांसाठी दुसऱ्या बाजूसही खिडकी आहेच. पावसाच्या बाजूस रुंद ओसरी हवी. तेथे छत्र्या ठिबकतील, डबे उघडतील, आणि वर्गात जे विचारण्याचा धीर होत नाही ते एखादा मुलगा तेथे विचारील.

पण वाऱ्याउजेडापेक्षा निकडीची गोष्ट पुढे आहे. पूर्वी एका शाळेत आमच्या वर्गात कुबड्या घेऊन येणारी एक मुलगी होती. ग्रंथालय वरच्या मजल्यावर होते. मैत्रिणी तिला पुस्तके आणून देत, पण तीन वर्षांत आपल्या हाताने कपाटातले पुस्तक निवडण्याचा आनंद तिला एकदाही मिळाला नाही. तिला अडविणाऱ्या पायऱ्या केवळ २२ होत्या. उतरणीचा नियम साधा आहे: एक हात उंचीस बारा हात लांबी. जागा नसेल तर ग्रंथालय तळमजल्यावर आणावे. पुस्तकांना खाली उतरण्याचा त्रास होत नाही. तसेच, स्वच्छतागृहास कडी नाही किंवा पाणी नाही म्हणून दिवसभर घोटभरही पाणी न पिणाऱ्या मुली आम्ही पाहिल्या आहेत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात अडथळ्यांविना प्रवेश, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे सुरक्षित पाणी आणि क्रीडांगण ही सर्व नमूद आहेत. तो कायदा आठवीपर्यंतचा. परंतु नववीत गेल्यावर तहान लागत नाही, असे थोडेच आहे?

आणि कुंभकोणम विसरून चालणार नाही. १६ जुलै २००४ रोजी तेथील एका शाळेत स्वयंपाकघरातील आग गवताच्या छपरास लागली आणि ९४ बालके दगावली. जिना अरुंद होता. म्हणून प्रत्येक मजल्यास दोन रुंद जिने असावेत, दुसऱ्या जिन्याचे दार शाळेच्या वेळेत कधीही कुलूपबंद नसावे, आणि चूल वर्गांपासून दूर असावी. हा खर्च उद्घाटनाच्या दिवशी कोणाच्या डोळ्यांत भरणार नाही. कोनशिलेवरील अक्षरांवर आणि दर्शनी कमानीवर तोच पैसा अधिक शोभून दिसेल, हे आम्ही जाणतो.

आमच्या नकाशात अंगणातल्या फणसाच्या जागी वाहने उभी करण्याची सोय दाखविली आहे. त्या फणसाखाली मधल्या सुटीत साठसत्तर मुले बसतात. वाहनांना कुंपणाबाहेर जागा मिळेल. फणस बाहेर हलविता येणार नाही.

शाळेच्या हितचिंतकांस, पालकांस आणि माजी विद्यार्थ्यांस आमची एवढीच विनंती आहे की देणगीचा आकडा विचारण्याबरोबर नकाशाही मागून पाहावा. वास्तुशिल्पकाराने एक दिवस मागच्या बाकावर बसावे आणि फळा दिसतो का ते पाहावे. वर्ग झाडणाऱ्या मावशींना विचारावे की पाणी कोठे साचते. मुलांनाही विचारावे. पन्नास वर्षे ह्या वास्तूत जी मुले वाढणार आहेत, त्यांच्यातील बहुतेक आज जन्मासही आलेली नाहीत. त्यांच्या वतीने बोलणारे आज आपणच आहोत.